ऑनची बोली

जिवा झुगरेला न ओळखणारा माणूस खोडाळ्यात शोधायचा तर पाळण्यातलं पोरच शोधावं लागेल. अर्धं आयुष्य त्यानं खोडाळा ते मोखाडा जीप हाकली. आठ जणांच्या गाडीत सोळा माणसं, टपावर नागलीची पोती, मागच्या फळीवर लोंबकळणारे दोघे-तिघे, आणि एवढं भरूनही वाटेत हात करणाऱ्या म्हातारीला जागा व्हायचीच. माणूस मनानं मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. बढाई मारायला त्याला कधी निमित्त लागलं नाही, आणि गेली काही वर्षं तर मुलगीच आयतं निमित्त झाली होती.

मुलगी म्हणजे रविना. क्लचला पाय पोचायच्या आधीपासून ती बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरत आली. आता ती इगतपुरीकडच्या एका कॅम्पवर नोकरीला होती. शहरातल्या लोकांना चिखलातून, दगडधोंड्यांतून गाडी कशी काढायची ते शिकवायची. चिखलात गाडी घालायला लोक पैसे मोजतात हे जिवाला आधी खरंच वाटेना. त्यानं तर उभा जन्म चिखलात रुतलेल्या गाडीला शिव्या घालण्यात काढला होता. पण लेकीचा पगार बँकेत जमा व्हायला लागला तसा त्यानं हा धंदा मान्य केला.

मागच्या हिवाळ्यात जव्हारबाहेरच्या माळावर डोंगरी गाड्यांची शर्यत झाली. रविनानं कॅम्पच्या मालकाची गाडी चालवली आणि भल्याभल्यांना मागं टाकून पहिली आली. जिवा माळावर हजर होता. सोबत रघ्या संबळवाला होता, कारण रघ्याशिवाय जिवाचा कुठलाच आनंद पुरा होत नसे. माईकवर बक्षीस पुकारलं गेलं तेव्हा रघ्यानं संबळावर ठोका टाकायला टिपरू उचललंसुद्धा होतं. पण पुकारलं ते कॅम्पच्या मालकाचं नाव. शर्यतीचा नियमच तसा होता, कप गाडीच्या धन्याला. मालक वर चढला, कप घेतला, फोटो काढले, आणि रविना खाली बॉनेटपाशी हात पुसत उभी राहिली. रघ्यानं टिपरू हळूच खाली घेतलं.

परतताना जीप मोखाड्याला आली. तिथं जिवानं तोंड उघडलं.

"पुढल्या साली तुझ्या नावाची गाडी," तो म्हणाला.

नाव पुकारणं म्हणजे जिवाला काय वाटतं हे कळायचं तर त्यांच्या पाड्याचा बोहाडा माहीत पाहिजे. होळीनंतर जगदंबेच्या उत्सवात देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगं नाचवतात. कुणाचं सोंग कुणी घ्यायचं याची बोली होते. कारभारी मधोमध उभा राहतो, चार माणसं बोली चढवतात, रघ्या संबळावर एक, दोन आणि तिसरा ठोका टाकतो, आणि तिसऱ्या ठोक्याला नाव पुकारलं जातं. पैसा देवीच्या कामाला जातो. जो जास्त देतो त्याची मान वर्षभर ताठ. बोली गुपचूप करायची नाही, पाच माणसांत करायची. न पुकारता घेतलेलं सोंग अंगाला लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात, आणि जिवा ते श्वासाइतकं खरं मानतो.

जिवाचा जीव अडकला होता नरसिंहाच्या सोंगात. दरवर्षी तो बोलीला उभा राही, दरवर्षी देवानंद ठेकेदार त्याच्या वर जाई. त्यामुळं एवढं मोठं तोंड असलेल्या जिवाचं नाव आजवर कधी संबळाच्या ठोक्यावर पुकारलं गेलं नव्हतं. यंदा मात्र त्यानं देवानंदला झोपवायचाच असा पण केला होता. जमवलेले पैसे जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून नागलीच्या कणगीत, दाण्यांच्या खाली पुरून ठेवले होते. हे फक्त त्याची बायको पुतळी हिला माहीत होतं.

तर गाडी. रविनाच्या मनात भरली होती ती 'झंझार'. टर्बोचं इंजिन, चारी चाकांना जोर, खडकावर चढेल आणि रस्त्यावर उडेल अशी. देशभरातल्या तरण्या पोरांनी तिच्यासाठी रांग लावलेली. रविनानं नाशिकच्या एका शोरूममध्ये नंबर लावला. तिची बचत होती, बँकेनं कर्ज दिलं, आणि उरलेली तूट जिवानं भरून काढली. कशी, तर जीप विकून. ज्या दिवशी जीप गेली त्या दिवशी तो दिवसभर बाजारात हसत-बोलत फिरला आणि घरी येऊन न जेवता निजला.

वर्ष होत आलं तेव्हा नंबर लागला. लाल रंगाची एक झंझार शोरूमला आली. रविना कॅम्पवरून थेट घरी आली ती तोंड पाडून.

"ऑन मागतायत, बा," ती म्हणाली.

"ऑन म्हंजी?"

"किमतीच्या वर जादा. पाऊण लाख. पुण्याची कुणी पार्टी द्यायला तयार हाय म्हणं. आपण दिले तं गाडी आपली, नाय तं आपला नंबर मार्चला."

"शर्यत तं डिसेंबरात."

"तेच ना! आणि वरून ॲक्सेसरीचं पॅकेज घ्यायलाच लागंल. पायपुसणी, वासाची बाटली, काय काय. त्याचे निराळे."

पायपुसण्याचे पैसे ऐकून पुतळीनं कपाळाला हात लावला. "तेवढ्यात मी अख्ख्या पाड्याचे पाय पुसून देईन," ती म्हणाली.

जिवा मात्र विचारात पडला. गाडी एक आणि मागणारे दोन, म्हणजे बोली आलीच. त्याला यात वावगं काही दिसेना. उलट शहरवाल्यांनी पहिल्यांदाच काहीतरी रीतीचं केलं असं वाटून त्याला बरंच वाटलं.

"मंग चढवू की बोली," तो म्हणाला.

"बोली नाय ती, बा, लूट हाय! मी वरीसभर रांगेत उभी हाय. मी एक पैसा जादा देणार नाय. शनिवारी जाऊन भांडणार हाय मी."

रविना पाय आपटत बाहेर गेली. जिवा तिच्याकडे बघत राहिला. पोरीचा ताठा त्याचाच होता, त्यामुळं त्याला तो आवडलाही आणि त्याची काळजीही वाटली. ताठ्यानं गाडी मार्चला गेली असती, आणि डिसेंबरात माळावर पुन्हा दुसऱ्याचंच नाव पुकारलं गेलं असतं. ते त्याला पुन्हा ऐकायचं नव्हतं. तो उठला, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि धडपं बाहेर काढलं. पुतळी बघत होती. ती एवढंच म्हणाली, "नरसिंहाला काय सांगशील?"

"नरसिंह पोरासाठीच खांब फोडून आला व्हता," जिवा म्हणाला. "त्याला कळंल."

शनिवार दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला होता. मोखाड्यावरून तोरंगणचा घाट चढून, त्र्यंबक मागं टाकून चौघं नाशिकला पोचली. रविना, जिवा, पुतळी आणि संबळ काखोटीला मारलेला रघ्या. शोरूम झेंडूनं सजलं होतं. काचेपलीकडं गाड्या चमकत होत्या, आणि मधोमध एक पोरगी हातात माईक घेऊन उभी होती. ज्याला गाडी मिळेल त्याचं नाव ती पुकारायची, सगळे टाळ्या वाजवायचे, मग हातात मोठी थोरली पुठ्ठ्याची चावी देऊन फोटो. ते बघून जिवाचा चेहरा फुलला.

"बघ, रघ्या," तो म्हणाला, "हिथंबी पुकारतात. मी म्हणत नव्हतो, रीत सगळीकडं एकच असती."

मॅनेजर काचेच्या खोलीत बसला होता. गोड बोलणारा, केस चोपून बसवलेला. रविनानं उभ्या-उभ्याच तोफ डागली. नंबर कुणाचा, किंमत कुणाची ठरलेली, पार्टी कुठली. मॅनेजर हसत ऐकत होता. असल्या तोफा तो रोज चहासोबत पचवत असावा.

"मॅडम, आम्ही ऑन वगैरे घेतच नाही," तो म्हणाला. "ही प्रायॉरिटी डिलिव्हरी आहे. बिल कंपनीच्याच रेटनं मिळेल. फक्त ही रक्कम कॅशमध्ये. नसेल जमत तर काही जबरदस्ती नाही, पुण्याची पार्टी संध्याकाळी येतेच आहे."

रविना "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलावर धडपं येऊन पडलं. त्यातून नागलीचे चार दाणे घरंगळले.

"कबूल," जिवा म्हणाला.

"बा! हे काय? कुठून आणलं हे?" रविना ओरडली.

मॅनेजरचा हात पुढं आला. पण धडप्यावरचा जिवाचा पंजा हलला नाही.

"आधी पुकारा," जिवा म्हणाला.

"काय पुकारू, काका?"

"नाव. माझ्या पोरीचं. आणि बोली किती झाली ती. तिसऱ्या ठोक्याला पैसे उचला, माझी ना नाय."

मॅनेजर टेबलावर वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, हे असलं आपल्या-आपल्यात ठेवायचं असतं."

जिवाला कळेना. एवढा पैसा द्यायचा आणि कुणाला कळू द्यायचं नाही? मग माणूस देतो कशासाठी? साहेब नवखा असेल, लाजत असेल, किंवा बोलून-बोलून घसा बसला असेल, अशी त्यानं आपली समजूत करून घेतली. परक्या गावात आपल्यालाच पुढं व्हावं लागतं.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी पुकारतो. मला सवय हाय."

धडपं काखेत मारून तो बाहेर आला. पोरीच्या हातातला माईक त्यानं इतक्या सहज मागून घेतला की तिनं तो देऊनही टाकला. ज्या आवाजानं त्यानं अख्ख्या बाजाराला "मोखाडा, मोखाडा" म्हणून ओरडून बोलावलं होतं, तो आवाज आता माईकमधून काचांवर आदळला.

"ऐका हो! लाल झंझार, नग एक. कंपनीची किंमत ठरल्याप्रमाणं. त्याच्या वर ऑनची बोली, खोडाळ्याच्या रविना झुगरेची, पाऊण लाख! पुण्याची पार्टी असंल तर तिनं म्होरं यावं. कुणाची जादा?"

रघ्यानं ठोका टाकला. संबळाचा आवाज शोरूमसारख्या ठिकाणी फार मोठा होतो. सगळी माणसं वळली. पेढ्याचा बॉक्स घेतलेला एक गृहस्थ दोन पावलं पुढं आला.

"थांबा, थांबा. तुमच्याकडूनही? माझ्याकडून साठ हजार घेतले, प्रायॉरिटी म्हणून!"

"साठ कमी पडतात, दादा," जिवानं त्याला समजुतीनं सांगितलं. "चढवायची असंल तर चढवा."

"चढवू कसली? आम्हाला सांगितलं हा कंपनीचाच चार्ज आहे!" मागून एक बाई म्हणाली. तिच्या नवऱ्यानं मोबाइल वर धरला होता. मग आणखी कुणीतरी बोललं, मग चौघं एकदम. रघ्यानं दुसरा ठोका टाकला. ताल चुकू द्यायचा नाही एवढंच त्याला ठाऊक.

मॅनेजर धावत आला. चोपून बसवलेले केस पार विस्कटले होते. "गैरसमज झालाय काकांचा! असलं काही इथं नसतं. गाडी कंपनीच्या किमतीलाच आहे, आत्ता न्या. एक रुपया जादा नको."

"नको कसा?" जिवा चिडला. आपली बोली कुणी नाकारलेली त्याला खपत नसे. "पैसे चोख हायेत. मोजून घ्या. पुण्याच्या पार्टीनं किती लावले ते सांगा, आपण वर जाऊ."

"पार्टी नाहीये हो, काका!"

"नाय?"

"नाही म्हणजे... नाही."

जिवाचा चेहरा हळूहळू उतरला. "पार्टीच नाय," तो म्हणाला, "तं मी बोली कुणाच्या वर लावली?"

जिवाच्या पाड्यात खोट्या माणसाचं नाव सांगून बोली चढवणाऱ्याला देवीच्या मांडवात पुन्हा पाऊल टाकू देत नाहीत. इतका वेळ तो या माणसाला कारभाऱ्याच्या जागी बघत होता. त्याला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त, त्या माणसाची लाज वाटली. त्यानं माईक त्या पोरीला परत दिला आणि धडप्याची गाठ घट्ट केली.

पुढचं सगळं झटपट झालं. कागद आले, सह्या झाल्या, पायपुसण्याचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. लाल झंझार मागच्या फाटकातून बाहेर काढून दिली. ना टाळ्या, ना पुठ्ठ्याची चावी. माईकची वायर कुणीतरी केव्हाच उपसून ठेवली होती.

रविना रडवेल्या तोंडानं हसत होती. तिनं पुढचं दार उघडलं. "बस, बा."

जिवा जागचा हलला नाही. "नाव पुकारलं नाय," तो म्हणाला. "मागल्या दारानं आली ही. तुझी झाली नाय अजून."

"बा, कागद माझ्या नावावर झालाय!"

"कागद हाय. पुकारा नाय."

लेकीनं विनवलं, रागावली, पण तो काही बसला नाही. जिवानं एकदा पाय रोवला की जीपसुद्धा त्याला ओढू शकली नसती. शेवटी पुतळीनंच पदर खोचला आणि दार ओढून घेतलं. "मी बसते," ती म्हणाली. "मला काय बोहाडा नाचायचा नाय." जिवा आणि रघ्या एसटीनं घरी आले.

घाट उतरताना पुतळीनं लेकीला धडप्याची गोष्ट सांगितली. नरसिंहाचे पैसे होते ते, एवढंच सांगितलं. पोरीनं गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली, असं पुतळीनं मागाहून नवऱ्याला सांगितलं. ते ऐकून तो उठला. अंगणात जाऊन उगाच लाकडं रचत बसला.

गाडी बघायला अख्खा पाडा लोटला. पोरं आरशात तोंडं बघून गेली, बायकांनी कुंकू लावलं. जिवा गाडीभोवती फिरे, काच पुसे, कुणी बोट लावलं तर खेकसे, पण आत बसत नसे. लोकांनी त्याला पुरता धारेवर धरला. "जिवाभाऊ, लेकीचं भाडं जास्त हाय का?" असं देवानंद ठेकेदारानंही विचारून घेतलं. जिवा एकच सांगे, "व्हायचीय अजून तिची. झाली की बसंन." आपला बाप वेडा आहे असं रविनानं मानून टाकलं होतं, पण घरी असली की ती रोज सकाळी डावीकडचं दार एकदा उघडून ठेवायची, आणि संध्याकाळी बंद करायची.

डिसेंबर आला. जव्हारचा माळ माणसांनी भरून गेला. मोखाड्याकडची, दाभोशाकडची, विक्रमगडची माणसं टेम्पो करून आली होती. जिवा दोरीला टेकून उभा होता, शेजारी रघ्या, मागं पुतळी. सुरुवातीच्या रेषेवर पाच गाड्या गुरगुरत होत्या आणि माईकवरचा माणूस एकेक नाव वाचत होता. आधी गाडी, मग चालक, मग धनी.

"चौथ्या क्रमांकावर झंझार, लाल. चालक, रविना जिवा झुगरे. गाडीच्या मालक, रविना जिवा झुगरे. गाव खोडाळा!"

रघ्या तयारच होता. त्यानं पहिला ठोका टाकला, दुसरा टाकला आणि तिसरा असा टाकला की शेजारच्या माणसानं कान धरले. माळ ओरडला. जिवा मात्र ओरडला नाही. लेकीचं नाव ऐकायला तो आला होता. त्या नावाच्या मध्ये आपलं नाव बसलेलं आहे हे इतक्या दिवसांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. साऱ्या तालुक्यासमोर, संबळाच्या ठोक्यावर, एकदा नाही, दोनदा पुकारलं गेलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

शर्यतीत रविना दुसरी आली. नाशिकचा एक जुना गडी तिच्यापुढं गेला. कप लहान मिळाला, पण हातात तिच्या मिळाला. सगळं आटोपल्यावर चिखलानं माखलेली झंझार दोरीपाशी येऊन थांबली आणि डावीकडचं दार उघडलं.

"आता?" रविनानं विचारलं.

जिवानं चपला काढल्या. मुखवटा चढवायच्या आधी वाकतात तसा तो बॉनेटपुढं वाकला, बोटाला लागलेला चिखल कपाळाला लावला, आणि चपला हातात घेऊन पुढच्या जागेवर जाऊन बसला. उभा जन्म त्यानं गाडी चालवली होती. कुणाच्या शेजारी बसायची ही पहिलीच वेळ. हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना. मागं पुतळी आणि रघ्या चढले.

"खोडाळ्याचं भाडं काय घेशील?" त्यानं विचारलं.

"जागा एक आणि मागणारे लय," रविना म्हणाली. "ऑन पडंल."

जिवानं काच खाली केली आणि मान बाहेर काढली. माळावरच्या झाडून साऱ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "कबूल! पण आधी नाव पुकार."